नवा संगणक, तरी इतका संथ? रॅम वाढवू की आधी काही तपासू?

रानवेल

नमस्कार मंडळी. घरी नवीन संगणक घेतलाय. मॉनिटरच्या मागे अडकवता येतो तसला छोटा डेस्कटॉप. विंडोज ११, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच. जुन्या मशीनपेक्षा सगळंच वरचढ म्हणून हौसेने घेतला, पण अंगात त्राण नसल्यासारखा चालतो. सुरू केल्यावर डेस्कटॉप पटकन दिसतो, मात्र ब्राउझरवर क्लिक केलं की बराच वेळ नुसतं वर्तुळ फिरत राहतं. लेकीचा ऑनलाइन वर्ग चालू असताना तिने शेजारी पुस्तकाची पीडीएफ उघडली की बाईंचा आवाज तुटायला लागतो. मी हिशेबाची शीट आणि ब्राउझर यांच्यात ये-जा करते तेव्हा दर वेळी सगळं क्षणभर गोठतं.

विक्रेता म्हणतो रॅम १६ करून घ्या. भाऊ म्हणतो मशीनच परत कर. मला आधी कळायला हवंय की नेमकं अडतंय कुठे. काय काय तपासू?

लोहचुंबक

रानवेलताई, रॅम लागेलही कदाचित, पण मोजल्याशिवाय खर्च करू नका. मशीन संथ होण्याची चार-पाच कारणं असतात आणि बाहेरून ती सगळी सारखीच दिसतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जा. मशीन रिकामं असताना बघून काही कळणार नाही. वर्ग, पीडीएफ, शीट सगळं चालू आहे आणि त्रास होतोय, नेमक्या त्या वेळी बघा. मेमरीच्या पानावरचे आकडे इथे लिहा: इन यूज, अव्हेलेबल, कमिटेड, शिवाय स्लॉट्स यूज्ड, स्पीड, फॉर्म फॅक्टर (पट्टीचा प्रकार) आणि हार्डवेअर रिझर्व्ड (हार्डवेअरने स्वतःसाठी राखलेली मेमरी). मग डिस्कवर क्लिक करून ॲक्टिव्ह टाइम किती टक्क्यांवर जातो ते बघा, आणि तिथे एसएसडी लिहिलंय की एचडीडी (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क) तेही. सीपीयूच्या पानावर अपटाइम (मशीन किती वेळ सलग चालू आहे ते) असतो, तो पण सांगा.

मुक्कामपोस्ट

एवढ्या भानगडीत कशाला पडता? रॅम साफ करणारं एखादं फुकट ॲप टाका. माझ्याकडे बटण दाबलं की ८५ टक्क्यांवरून थेट ४० वर येतं.

शून्यएक

मुक्कामपोस्ट, आकडा खाली येतो हे खरं, पण त्याने मशीन पळत नाही. उलट नुकसानच होतं. ही ॲप्स चालू प्रोग्रामांची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, जबरदस्तीने रॅमबाहेर काढतात. पुढच्या क्षणी त्या प्रोग्रामला ती पानं लागतातच, मग ती परत आत आणावी लागतात, त्यातली काही थेट डिस्कवरून. टक्के कमी दिसले तरी काम वाढलेलं असतं.

आणि रॅम भरलेली दिसणं हे मुळात दुखणं नाही. रिकामी रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते, म्हणून विंडोज अलीकडे वाचलेल्या फाइली तिथे धरून ठेवतं. टास्क मॅनेजरमध्ये तेच कॅश्ड म्हणून दिसतं. दुसऱ्या प्रोग्रामला जागा लागली की कॅश लगेच सोडली जाते. काळजी करायची ती अव्हेलेबलचा आकडा तळाला जातो तेव्हा.

मुक्कामपोस्ट

हे माहीत नव्हतं. मग मीही अव्हेलेबल बघतो आणि ते ॲप काढून टाकतो.

रानवेल

वर्ग चालू असतानाच आकडे टिपले. इन यूज ६.८ जीबी, त्यातले १.१ कॉम्प्रेस्ड. अव्हेलेबल ०.५. कमिटेड १३.१/१५.९. स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २. स्पीड ३२००. फॉर्म फॅक्टर एसओडिम. हार्डवेअर रिझर्व्डमध्ये ६०० एमबीच्या वर काहीतरी आहे. डिस्क एसएसडीच आहे, पण खिडकी बदलली की ॲक्टिव्ह टाइम उसळी मारून ९० च्या पुढे जातो आणि परत खाली येतो. सीपीयू ३०-४० टक्के. अपटाइम मात्र चक्रावणारा आहे, कित्येक दिवस दाखवतोय. मी तर रोज रात्री शट डाउन करते!

लोहचुंबक

वा, उत्तम टिपलंत. एकेक बघू.

अपटाइमचं सोपं आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे सुरुवात पटकन होते, पण गाभा आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होत नाहीत. रीस्टार्ट केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. आज एकदा रीस्टार्ट करा.

दुसरं, मशीन नवं आहे हेच संथपणाचं एक कारण असू शकतं. सुरुवातीचे काही दिवस मागे अपडेट उतरत असतात, शोधासाठी फाइलींची सूची बनत असते, क्लाउडवरून जुने फोटो खाली येत असतात, अँटिव्हायरस पहिली मोठी तपासणी करत असतो. विंडोज अपडेटमध्ये जाऊन काहीही शिल्लक नाही असं दिसेपर्यंत अपडेट आणि रीस्टार्ट करत राहा. मशीन रात्रभर नुसतं चालू ठेवा, झोपू देऊ नका.

तिसरं, टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्स बघा. नव्या मशीनवर न मागता आलेल्या गोष्टी भरपूर असतात: चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस, खेळांची दुकानं, उत्पादकाचे मदतनीस. नको ते तिथे डिसेबल करा आणि चाचणीवाला अँटिव्हायरस पूर्ण अनइन्स्टॉल करा. तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागेवर येतो, मशीन उघडं पडत नाही. मात्र ऑडिओ, टचपॅड किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नावाचं काही असेल तर त्याला हात लावू नका.

एवढं करून पुन्हा त्याच कामाचे आकडे द्या. मशीन मॉनिटरच्या मागे आहे म्हणता, तर झरोके झाकले गेले नाहीत ना तेही बघा. गरम झालेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, तिथे रॅम काहीच करू शकत नाही.

कवडसा

मध्येच घुसतो, पण लक्षण तेच आहे. माझाही नवा डेस्कटॉप, ८ जीबी. मेमरी फक्त ४५ टक्के, आणि डिस्क सुरू केल्यापासून १०० टक्क्यांवर चिकटलेली. डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलंय, १ टीबी. मीही रॅम घ्यायला निघालो होतो.

शून्यएक

कवडसा, तुम्ही रॅम घेऊ नका. तुमच्याकडे मेमरी अर्ध्याहून जास्त मोकळी आहे. अडचण फिरणाऱ्या तबकडीची आहे.

मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला अर्धी फेरी पूर्ण करायला सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात, ५४०० फेऱ्यांच्या तबकडीला ५.६. त्यात वाचणारा हात योग्य पट्ट्यावर नेण्याचा वेळ मिळवा. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या तर अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभराच्या आसपास वाचनं करते. साधी एसएसडीसुद्धा तेच काम सेकंदाला हजारोंनी करते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच छोट्या फाइली ढिगाने वाचतं.

बोर्डावर एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसते ती जागा) आहे का ते पुस्तिकेत बघा. असेल तर त्यात एनव्हीएमई (वेगवान जोडणीची एसएसडी) बसते का फक्त साटा (जुन्या, संथ जोडणीची), तेही तिथेच लिहिलेलं असतं. नसेल तर साटा केबलवरची अडीच इंची एसएसडी चालेल. त्यावर विंडोज हलवा आणि जुनी डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी ठेवा. साटा एसएसडी सलग वाचनात साडेपाचशे एमबी प्रति सेकंदाच्या आसपास थांबते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे जाते. पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला दोन्हींत मोठा फरक जाणवतो.

कवडसा

धन्यवाद! स्लॉट आहे आणि पुस्तिकेत एनव्हीएमई लिहिलंय. त्याच मार्गाने जातो.

रानवेल

सांगितलेलं सगळं केलं. अपडेट संपली. चाचणीचा अँटिव्हायरस काढला, स्टार्टअपमधल्या बऱ्याच गोष्टी बंद केल्या. मशीन सुरू झाल्यावर पूर्वी काहीही न उघडता इन यूज ५.१ असायचं, आता ३.६ आहे. ब्राउझर आता पटकन उघडतो, सकाळचा वैताग गेला.

पण वर्ग, पीडीएफ आणि शीट एकत्र आले की जवळपास तेच. इन यूज ६.६, अव्हेलेबल ०.७, कमिटेड ११.४. आवाज कमी तुटतो, पण तुटतो. झरोके मोकळे आहेत.

लोहचुंबक

आता निर्णय करता येतो. ताई, तुम्हाला रॅम खरंच कमी पडते आहे.

असं का म्हणतो ते सांगतो. कमिटेड म्हणजे चालू प्रोग्रामांना विंडोजने कबूल केलेली एकूण मेमरी. तिरक्या रेघेपुढचा आकडा ही त्याची कमाल मर्यादा, म्हणजे रॅम आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) मिळून. कमिटेड रॅमपेक्षा जास्त असणं एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण प्रोग्राम मागतात तेवढं सगळं वापरतातच असं नाही. पण तुमच्याकडे अव्हेलेबल तळाला आहे, विंडोजला पानं दाबून कॉम्प्रेस करावी लागताहेत, आणि खिडकी बदलली की नेमकी डिस्क उसळते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडताहेत. खात्रीच करायची असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या पानावर हार्ड फॉल्ट्सचा आलेख बघा. खिडकी बदलताना तो उंच गेला तर हवी ती पानं डिस्कवरून परत आणली जाताहेत.

त्यात तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरमधलं. त्याला वेगळी मेमरी नसते, तो याच ८ जीबीतून वाटा घेतो. हार्डवेअर रिझर्व्डमधले ते ६०० एमबी बहुतेक त्याचेच आहेत, आणि गरज पडेल तसा तो आणखीही उचलतो. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण ती अट विंडोज चालू होण्यापुरती असते. वर्ग, पीडीएफ आणि चाळीस टॅब तिच्या हिशेबात नाहीत.

रानवेल

हार्ड फॉल्ट्सचा आलेख खिडकी बदलताच वर उडतो, तुम्ही म्हणालात अगदी तसाच. म्हणजे घ्यायची. पण कोणती? डेस्कटॉपची रॅम म्हणून शोधलं तर लांब पट्ट्या दिसतात. माझ्याकडे एसओडिम दाखवतंय, ते लॅपटॉपचं ना?

शून्यएक

हो, आणि हे बघितलंत ते फार चांगलं झालं. छोट्या डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपचीच आखूड पट्टी बसवलेली असते. लांब पट्टीला डिम म्हणतात, ती तुमच्या मशीनमध्ये बसणारच नाही.

पुढचा प्रश्न रॅमच्या पिढीचा. स्पीड ३२०० वरून डीडीआर४ वाटते, तरी नुसत्या वेगावरून ठरवू नका, मशीनच्या पुस्तिकेत किंवा पट्टीच्या स्टिकरवर बघा. डीडीआर४ च्या एसओडिमला २६० टोकं असतात, डीडीआर५ ला २६२. डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ १.१ वर. खाचही वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

स्टिकरवर दोन वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. डीडीआर४-३२०० आणि पीसी४-२५६०० ही एकच गोष्ट आहे. सेकंदाला माहितीच्या ३२०० दशलक्ष फेऱ्या, प्रत्येक फेरीत ८ बाइट, म्हणून २५६०० एमबी. तिथेच १आरएक्स८ किंवा १आरएक्स१६ असंही लिहिलेलं असतं. १आरएक्स१६ म्हणजे एका पट्टीवर चारच मोठ्या चिपा. डीडीआर४ मध्ये अशा चिपांना बँकांचे (चिपेतल्या मेमरीच्या कप्प्यांचे) गट निम्मे असतात, म्हणून ती किंचित मागे पडते. जमलं तर तुमच्या जुन्या पट्टीवर जे आहे तेच घ्या. नाही मिळालं तरी चालेल, त्यापायी खोळंबून राहू नका.

आषाढमेघ

८ ऐवजी १६ ची पट्टी घालून एकूण २४ केली तर? की जोडी सारखीच हवी?

शून्यएक

चांगला प्रश्न. दोन्ही स्लॉटमध्ये पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन वाटांनी एकदम बोलतो, त्याला ड्युअल चॅनेल म्हणतात. ३२०० च्या एका पट्टीला जास्तीत जास्त २५.६ जीबी प्रति सेकंद, दोघींना मिळून ५१.२. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. ८ आणि १६ घातली तर बहुतेक मशीनवर दोघींतले ८-८ जीबी ड्युअलमध्ये चालतात आणि उरलेले ८ एकाच वाटेने. म्हणजे तेही काही वाईट नाही. वेग मात्र दोघींतल्या संथ पट्टीचा लागू होतो.

रानवेलताईंचा कमिटेड आकडा ११-१३ आहे. त्यांना ८ अधिक ८ पुरेल. व्हिडिओ संपादन किंवा आभासी मशीन चालवणाऱ्याने सरळ १६-१६ ची जोडी घ्यावी. मशीन कमाल किती घेतं ते पुस्तिकेत आधी बघायचं.

लोहचुंबक

खरेदी करताना परत करण्याची मुदत विचारून घ्या. मशीन उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का हेही आधी वाचा, प्रत्येक उत्पादकाची अट वेगळी असते.

पट्टी आली की असं करा. डिस्क कूटबद्ध असेल तर आधी रिकव्हरी कीची (ती डिस्क उघडणाऱ्या आकड्यांची) प्रत दुसरीकडे, कागदावर म्हणा, जपून ठेवा. बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) काही बदललं की क्वचित ती मागितली जाते आणि ऐनवेळी धावाधाव होते. मग शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, म्हणजे फास्ट स्टार्टअप टाळून मशीन पूर्ण बंद होईल. ॲडाप्टरची वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, आत उरलेला भार उतरतो. गालिच्यावर बसून हे काम करू नका. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मग पट्टीला, आणि पट्टी कायम कडांनी धरा. सोनेरी टोकांना बोट लावू नका.

पट्टीची खाच मधोमध नसते, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते. स्लॉटमधल्या उंचवट्याशी खाच जुळवून पट्टी तिरपी आत सरकवा, साधारण तीस अंशांत, सोनेरी टोकं जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत. मग वरून अलगद खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसायला हव्यात. एकच वाजली तर पट्टी अर्धीच बसली आहे. काढा आणि पुन्हा लावा, रेटू नका.

रानवेल

आत्ता बसवली, पण स्क्रीन काळीच आहे! पंखा फिरतोय, दिवा लागलाय. काय करू?

लोहचुंबक

घाबरू नका, थोडं थांबा. रॅम बदलली की मशीन पहिल्यांदा तिची पारख करतं, योग्य वेळा ठरवतं. डीडीआर४ मध्ये हे बहुधा लवकर आटपतं. डीडीआर५ वर मात्र काही मिनिटंही लागतात, लोक मधेच बटण दाबतात आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

बऱ्याच वेळाने तरी काळीच राहिली तर बंद करा, वायर काढा, नवी पट्टी काढून पुन्हा नीट बसवा. दहातल्या आठ-नऊ वेळा पट्टी पूर्ण आत गेलेली नसते. तरीही नाही, तर फक्त नवी पट्टी जुन्या स्लॉटमध्ये लावून बघा. त्यावरून दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये ते कळेल.

रानवेल

एक क्लिप खरंच बसली नव्हती. पुन्हा लावली, दोन्हीकडून आवाज आला, आणि सुरू झाला! स्लॉट्स यूज्ड २ ऑफ २, एकूण १६ जीबी दाखवतंय.

तेच सगळं चालू ठेवून बघितलं. इन यूज ८.९, कॉम्प्रेस्ड शून्याच्या आसपास, अव्हेलेबल ६.४, कमिटेड ११.६. खिडकी बदलताना डिस्क हलतसुद्धा नाही. लेकीने वर्गात बसल्या बसल्या दोन पीडीएफ उघडल्या, आवाज स्वच्छ.

एक शंका. शून्यएक यांचं वाचून सीपीयू-झेड हे रॅमची माहिती दाखवणारं ॲप टाकलं, त्यात डीरॅम फ्रिक्वेन्सी १६०० च्या जवळ दिसते. टास्क मॅनेजर ३२०० म्हणतो. पट्टी अर्ध्या वेगाने चालतेय का?

शून्यएक

नाही, पूर्ण वेगाने चालतेय. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहितीची ने-आण. खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झ, ने-आण ३२००. सीपीयू-झेड घड्याळ दाखवतं, टास्क मॅनेजर ने-आण. चॅनेलच्या ओळीत ड्युअल किंवा दोनचा आकडा आहे ना, ते तेवढं बघा.

आणि आज रात्री मेमरीची चाचणी लावा. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे. जास्त कसून हवी तर मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन सुरू करा, फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी बदलून घ्या. सदोष रॅम निमूटपणे फाइली बिघडवते, आणि ते लक्षात येईपर्यंत बिघडलेल्या फाइली बॅकअपमध्येही जाऊन बसलेल्या असतात.

आषाढमेघ

माझा पातळ लॅपटॉप आहे, तोही नवा, ८ जीबी. लक्षणं रानवेल यांच्यासारखीच, अव्हेलेबल तळाला. पण फॉर्म फॅक्टरसमोर रो ऑफ चिप्स लिहिलंय. हे काय असतं?

लोहचुंबक

आषाढमेघ, याचा अर्थ मेमरीच्या चिपा थेट बोर्डाला झाळलेल्या आहेत. स्लॉट नाही, त्यामुळे वाढवता येणार नाही. काही लॅपटॉपात थोडी झाळलेली आणि शिवाय एक मोकळा स्लॉट असतो, म्हणून मॉडेलची पुस्तिका एकदा बघाच. परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर मी तरी १६ चं मॉडेल बदलून मागेन. झाळलेल्या मेमरीत आज घ्याल तेवढीच शेवटपर्यंत.

मुदत संपली असेल तर ब्राउझरवर लक्ष द्या. क्रोममध्ये मेमरी सेव्हर आणि एजमध्ये स्लीपिंग टॅब्स चालू करा, न बघितलेले टॅब मेमरी सोडतात. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यात कोणता टॅब किंवा कोणतं एक्स्टेन्शन किती खातंय ते नावानिशी दिसतं. एखादंच एक्स्टेन्शन काढून बराच फरक पडलेला मी पाहिलाय.

रानवेल

चाचणी रात्रभर चालली, एकही चूक नाही. चॅनेलही ड्युअल आहे. शेवटचं विचारते: आता १६ झाली तर पेजफाइल बंद करू का? भाऊ म्हणतो त्याने एसएसडी झिजते.

शून्यएक

बंद करू नका. कमिटेडची मर्यादा रॅम आणि पेजफाइल मिळून बनते हे वर आलंच आहे. पेजफाइल काढली की ती मर्यादा रॅमएवढीच उरते. मग प्रत्यक्ष रॅम मोकळी असतानाही, नुसत्या कबूल केलेल्या मेमरीने मर्यादा गाठली की प्रोग्राम मेमरी नाही म्हणून बंद पडतात. मशीन कोसळलं तर कारण शोधायला लागणारी नोंदही पेजफाइलच्या मदतीनेच लिहिली जाते. आता रॅम पुरेशी असल्याने तिच्यावर लिखाण तसंही फार होणार नाही. आकार विंडोजलाच ठरवू द्या आणि सी ड्राइव्हवर पुरेशी जागा मोकळी ठेवा.